नळीचं दुसरं टोक

साल दोन हजार चोवीस, मी शहात्तर वर्षांचा. पोलीस ॲक्शन झाली त्या साली माझा जन्म, त्यामुळं वय सांगायला मला कागद लागत नाही. सोयगावला लेकीकडं आठ दिवस राहून परत येत होतो. तिच्या शेतात फोनला रेंज नाही आणि मला फोनचं कौतुक नाही. फुलंब्रीला एसटीतून उतरलो, टोपी नीट केली आणि समोर बघतो तर चौकात दोघं जण शिडी लावून फ्लेक्स बांधत होते. फ्लेक्सवर सांडूचा फोटो. मला वाटलं, झाला ह्याचा परत कुठंतरी सत्कार. ह्याचे सत्कार मी लई बघितलेत. मग खालची अक्षरं वाचायला लागलो. मला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडत जावं लागतं... आणि ती ओळ सगळी जोडाक्षरांची. ती लागेपर्यंत सांडू माझ्यापुरता जिवंत होता.

खरं लिहायला बसलोय तर पहिलं मनात काय आलं तेही लिहितो. पहिलं मनात आलं, फोटो लई मोठा केलाय. माझ्या मागं एवढा फ्लेक्स कुणी लावणार नाही. तो गेला हे डोक्यात शिरलं ते त्याच्यानंतर. शिडीवरच्या माणसाला विचारलं, "कवा गेला?" तो खिळा तोंडात धरूनच बोलला, "परवा, बाबा. तुमी त्यांच्याच गावचे ना?" एका डोंगरावर ज्याच्यासोबत वर्षानुवर्षं घाम गाळला त्याच्या मातीला मी नव्हतो, आणि त्याचं जाणं मला एका परक्या माणसानं शिडीवरून सांगितलं.

आता पेपरच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला की सांडूअण्णांवर तुम्ही लिहा, तुम्ही त्यांचे जुने सोबती. माझी शाळा चौथीपर्यंत. घरचे म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहून देतो. मी नाही म्हणालो. आयुष्यभर माझं काम आणि दुसऱ्याची लेखणी, असंच चाललं. निदान हे तरी माझ्या हातचं असू द्या. ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ द्या.

आमचं गाव फुलंब्रीपासून आत, डोंगराच्या कुशीत. त्या डोंगराला दोन अंगं आहेत. मावळतीच्या अंगाखाली आमचं गाव, उगवतीच्या अंगाखाली धनगरवस्ती. बहात्तरच्या दुष्काळात मी सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. तिथं एक मुकादम होता, त्यानं मला नळी शिकवली. दोन काठ्या, काठ्यांवर खुणा, आणि दोन्ही काठ्यांना बांधलेली एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एकानं एक काठी धरायची, दुसऱ्यानं दुसरी धरून डोंगराच्या अंगानं पुढं जायचं. दोन्हीकडं पाणी एकाच खुणेवर थांबलं की समजायचं, ह्या दोन जागा एका पातळीत आहेत. तिथं चुन्याची फक्की टाकायची, पुढं जायचं. त्या रेघेवर चर खांदला की पावसाचं पाणी धावत नाही, चरात थांबतं, जिरतं, आणि खाली विहिरीत येतं. सोपं आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं. आणि नळी एकट्यानं लागत नाही. दोन माणसं लागतात, ती पण एकमेकांवर भरवसा असलेली. कारण दुसऱ्या टोकाचं पाणी तुम्हाला दिसत नाही, तिकडचा माणूस सांगेल तेच खरं धरावं लागतं.

मी चाळिशीला टेकलो तेव्हा मनानं घेतलं की आपला डोंगर आपण खांदायचा. कुणाला विचारलं नाही. एका सोमवारी कुदळ घेऊन वर गेलो. दुसऱ्या सोमवारी चौघं आले, दिवाळीपर्यंत तीस-पस्तीस माणसं यायला लागली. बाया भाकरी बांधून यायच्या. हजेरी नव्हती, यादी नव्हती, आला तो आपला. नळी कमी पडत होती म्हणून मी आणि सांडू तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या संभाजीनगरला गेलो. शहागंजात एका दुकानात नळी मागितली तर दुकानदार चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पचास फुट? इतनी लंबी नली कायकू होना? गाँव में दारू की भट्टी डाले क्या?" सांडूनं त्यांना म्हणलं, "चाचा, डोंगराला सलाईन लावायचंय." चाचा इतके हसले की वर हातभर नळी जास्त दिली. माझ्या मनात आलं, हे उत्तर मला का सुचलं नाही. तेव्हापासूनची ती जळजळ आहे, लपवत नाही.

सांडू माझ्याहून वर्षभरानं मोठा आणि मॅट्रिक पास. आमच्या गावात त्या काळात मॅट्रिक म्हणजे काय ते आता सांगून कळायचं नाही. अक्षर असं की वाळूत काडीनं ओढलं तरी बघत राहावं. नळी मी त्याला शिकवली, आणि हे मी कुठंही सांगेन. पण तो माझ्याहून चांगला धरायला लागला. मी घाईचा माणूस. पाणी जरा हललं-डुललं की मी ओरडायचो, "थांबलं!" तो तिकडून म्हणायचा, "अजून नाय, लेका." मी परत म्हणायचो, अरे थांबलंय, दिसतंय मला. तो काठीला डोळा लावून तसाच उभा. पाणी शेवटचा एक केसभर हलायचं राहिलेलं असायचं, ते हलायचं, मग तो सावकाश म्हणायचा, "हां... आता थांबलं." मला ह्याचा राग यायचा, कारण दर वेळी तोच बरोबर निघायचा.

मग शहरातली एक संस्था आमच्या गावात आली. माणसं वाईट नव्हती. त्यांनी डोंगर बघितला, म्हणाले, तुम्ही अनुदान का मागत नाही, सिमेंटचा बांध होईल, उगवतीचं अंगसुद्धा पुरं होईल. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. प्रस्ताव लिहायला गावात एकच माणूस. त्यांनी सांगितलं की गावाला एक समन्वयक लागेल, त्याला मानधन मिळेल, अट एवढीच की तो दहावी पास पाहिजे. बैठकीत सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, कारभारीची तर चौथी. बस, तेवढ्यावर झालं. माझं नाव कारभारी आणि कारभार सांडूकडं, असं पोरंसोरं पण चिडवायला लागली. पहिली कुदळ माझी, नळी माझी, आणि खांद्याला पिशवी अडकवून शहराला जाणारा तो. संस्थेची गाडी आली की विचारायची, "सांडूजी कुठं आहेत?" मी गाडीच्या समोर उभा असायचो. मलाच विचारायचे, सांडूजी कुठं.

त्या कागदांनी माणसांचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आधी स्वयंसेवकांची यादी मागितली. यादीत पंचवीसच नावं बसत होती, येणारे पस्तीस. जे बसले नाहीत ते रुसले. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, पण यादी निघाल्यावर त्यांना वाटलं, आपण मोजण्यातच नाही. मग प्रशिक्षणाला कोण जाणार, प्रमाणपत्र कुणाला मिळणार, ह्याच्यावर दोन घरांचं बोलणं बंद झालं. आणि मग सगळ्यात मोठी गोष्ट आली. सांडू शहरातून आला आणि पारावर बसून म्हणाला, "मंजुरी येईस्तोवर कुदळ लावू नका. आधी झालेल्या कामाला अनुदान नाय, असा नियम हाये."

मी म्हणालो, "डोंगराला कळतो का तुझा नियम?"

"डोंगराला नाय कळत. पण देणाराला कळतो, गड्या. चार म्हैने दम धर."

चाराचे आठ महिने झाले. एक सही राहिली, मग एक नकाशा राहिला, मग साहेब बदलले. थांबलेल्या हाताला परत कुदळ धरायला लावणं किती अवघड असतं हे कागद तपासणाऱ्याला कळत नाही. सोमवारी लोक घरी बसायला शिकले. मी मात्र थांबलो नाही. मी, माझी बायको आणि आणखी पाच-सहा जण, आम्ही मावळतीचं अंग खांदत राहिलो. सांडूला ते बघायची पण चोरी होती, तो समन्वयक. पण नळीला दुसरं टोक लागतं. तो दिवस कलला की पिशवी घरी ठेवून वर यायचा, काठी उचलायचा. "मानधनवाले आले का," असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "मानधनवाला घरी हाये, मी त्याचा भाऊ." असं करत मावळतीचं अंग आम्ही पुरं केलं. उगवतीचं राहिलं.

मंजुरी आली आणि पाहणीला साहेब यायचे ठरले. काम सुरू होण्याआधीचा फोटो त्यांना लागत होता. आदल्या दिवशी सांडू माझ्या घरी आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. म्हणाला, "उद्या मी साहेबाला उगवतीकडं नेतो. तिकडं एक ढेकूळ हाललेलं नाय, फोटो खराच निघंल, खोटं काय बोलावं लागत नाय. अनुदान तिकडं लावू. धनगरवस्तीची विहीर होळीलाच आटती, त्यांना पाणी होईल. तू उद्या फक्त डोंगरावर येऊ नको."

एवढंच मागितलं होतं त्यानं. त्यानं हात जोडून सांगितलं असतं तर कदाचित मी ऐकलं असतं. पण येऊ नको म्हणाला. माझ्या डोंगरावर, मला.

दुसऱ्या दिवशी मी बांधाआड उभा राहून बघत होतो. साहेब आणि सांडू उगवतीकडं चालले होते. साहेबाचा हात सांडूच्या खांद्यावर. तो हात बघितला आणि माझं मलाच कळलं नाही, मी सरळ जाऊन वाटेत उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, इकडं काय बघता? तिकडं चला. काम तिकडं हाये."

साहेब आले. चर बघून थक्क झाले, हे मी खोटं नाही सांगत. एका चरात उतरून त्यांनी हातानं काठ चाचपला. विचारलं, "हे कुणी आखलं?"

"मी."

"इंजिनिअर कोण होते?"

"मीच."

"कधी केलं?"

"तुमचा कागद निघायच्या आधी. आमी कुणाची वाट नाय बघितली."

साहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "म्हणजे डोंगराचं काम पूर्ण झालं तर?"

सांडू माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "झालंच म्हणा."

त्यांनी माझा फोटो काढला. कुदळ खांद्यावर घेऊन, एक पाय चराच्या काठावर ठेवून. सांडू चौकटीच्या बाहेर उभा होता. त्यानं एक शब्द तोंडातून काढला असता, साहेब, अजून अर्धा डोंगर उघडा आहे, तर मी सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो. तो बोलला नाही. दिवस मावळायच्या आत घरी आला तेव्हा म्हणाला, "कारभारी, झालंच म्हणालास..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. म्हणालो, "तुपलं पोट दुखतंय, आज फोटो मपला निघाला म्हणून." तो उठून गेला.

दोन महिन्यांनी पत्र आलं, अनुदान रद्द. लिंबाखाली बैठक भरली. माणसं चिडलेली, आठ महिने घरी बसवलं आणि हातात काय, तर रद्दचा कागद. एकजण म्हणाला, शहराच्या चकरा मारून चपला झिजवल्या, एवढंच समन्वयकानं केलं. सांडू उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या लिहिण्यात चूक झाली." बस. माझं नाव नाही, साहेबाचं नाही. मी तिथंच बसलो होतो, खालची माती उकरत. आणि आत कुठंतरी बरं वाटत होतं... की एकदाचा तो खाली आला. त्याचं समन्वयकपण गेलं, मानधन गेलं. सोमवारी येणारी माणसं परत कधी आली नाहीत. त्याच महिन्यात सांडूनं शहरातून माझा फोटो आणला, चौकटीत बसवून. माझ्या हातात देऊन म्हणाला, "भिंतीला लाव." तो अजून आमच्या ओसरीत आहे.

तो खाली राहायचा माणूस नव्हता. दोन वर्षांनी दुसरी संस्था आली आणि त्यानं परत लेखणी धरली. त्यानंतर आमच्या गावात लई काही आलं. एकदा संडास आले. एकदा रोपं आली, त्यातली निम्मी शेरडांनी खाल्ली. एकदा शिलाई मशिनी आल्या, एकदा बिनधुराच्या चुली. देणाऱ्याला जे द्यायचं असायचं तेच गावाला हवं आहे, असं सांडू सुंदर अक्षरात लिहायचा. त्याचं नाव झालं. तालुक्यातल्या गावांना तो नळी शिकवायला जायला लागला, माझी नळी, आणि लोक त्याला सर म्हणायला लागले. मला गप्प बसवत नव्हतं. दर ग्रामसभेत मी उठून विचारायचो, "चुली आल्या, मशिनी आल्या. समन्वयक डोंगरावर कवा चढणार? का उगवतीला फोटो चांगला येत नाय?" माणसं हसायची. सांडू पण हसायचा. म्हणायचा, "चढू की. तू नळी धर फक्त." हे वीस-पंचवीस वर्षं चाललं. मी समजायचो, ह्याच्याकडं उत्तर नाही.

शेवटची भेट सोयगावला जायच्या आदल्या दिवसाची. हॉटेलाच्या बाकड्यावर बसलो होतो. तो वाळला होता, बोलताना मध्येच श्वास घ्यायचा. म्हणाला, "कारभारी, एक दिवस उगवतीला येतो का? नळी घेऊन. नुसती एक रेघ मारू." मी म्हणालो, "कुणाचा प्रकल्प आलाय?" तो म्हणाला, "कुणाचाच नाय. आपला." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ह्या वयात आठवला व्हय डोंगर? जा, तुझ्या शिकवलेल्या पोरांना ने." तो बाकड्याला हात टेकून उठला. मग माझ्या चहाचे पण त्यानंच दिले.

शोकसभेला शहरातून गाड्या आल्या. सगळे बोलले. कुणी म्हणालं, अण्णांनी ह्या गावाला कागदावर आणलं. एकानं सांगितलं, अण्णा नळीनं पाणी मोजायला शिकवायचे, ती त्यांचीच कला. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो. मला कुणी बोल म्हणालं नाही, आणि ग्रामसभेत उठायचो तसा तिथं आपणहून उठलो नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. सभा संपायच्या आत उठून आलो.

पंधरा-वीस दिवसांनी कौसावैनीनं, सांडूच्या बायकोनं, निरोप धाडला. मी दुपारी गेलो. तिनं ओट्यावर नळी आणून ठेवली, वेटोळं करून, दोन्ही काठ्या एकमेकींना बांधलेल्या. नळी मध्ये दोनदा बदललेली, काठ्या मात्र त्याच, मी तापल्या सळईनं खुणा डागलेल्या. म्हणाली, "भावजी, हे तुमचं. ते म्हणून गेलेत, त्याची हाये, त्याला दे." नळीसोबत कागदांचा एक गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. मी म्हणालो, "हे कशाला? मला काय कळतंय ह्यातलं?"

"वाचा," ती म्हणाली. "बसा आन् वाचा. येळ लागला तर लागू द्या."

वेळ लागला. ते सगळे त्याचे प्रस्ताव होते, शहरातून तपासून परत आलेले. संडासाचा, रोपांचा, मशिनींचा. प्रत्येकात शेवटी एक ओळ त्याच्या हातची होती: उगवतीच्या डोंगरावर चर, धनगरवस्तीसाठी. आणि प्रत्येकात त्या ओळीवर लाल शाईची काट मारलेली. बाजूला लिहिलेलं, "डोंगराचे काम पूर्वीच पूर्ण झाल्याची नोंद आहे. वगळावे." एक झाला, दुसरा झाला. आठवा-नववा वाचला तेव्हा मला ती जोडाक्षरं पाठ झाली होती. गठ्ठ्याच्या तळाला सगळ्यात जुना कागद, पिवळा पडलेला. त्या साहेबाचा अहवाल. त्यात लिहिलं होतं: स्थानिक स्वयंसेवक श्री. कारभारी यांनी समक्ष दिलेल्या माहितीनुसार डोंगरावरील काम पूर्ण झाले आहे.

उभ्या आयुष्यात मला एकच हेवा होता, की सांडूचं नाव कागदावर येतं, माझं येत नाही. ते तिथं होतं. छापलेलं. माझ्या नावाआधी कुणीतरी श्री लावला होता.

मी विचारलं, "वैनी, तुमाला ठाव होतं?"

"व्हय." ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "मी किती येळा म्हणलं, येकदा गावात सांगून टाका, तुमच्या लिहिण्यानं नाय, भावजींच्या बोलण्यानं झालं. ग्रामसभेत ते तुमाला आसं टाकून बोलतेत आन् तुमी हासता. तर म्हणायचे, त्याचा जल्मात येकच फोटो निघालाय, त्यो मी कामून फाडू?"

मी कागद परत सुतळीनं बांधले. गाठ काही केल्या बसेना. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि गाठ मारून दिली. धनगरवस्तीची विहीर ह्या साली पण होळीलाच आटली. तिथली माणसं मेंढ्या घेऊन दर साली त्याच दिवसांत दाराला काटेरी फांदी लावून निघतात. मी रस्त्यानं त्यांना बघायचो आणि मनात म्हणायचो, सांडूचा प्रताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला मी नळी खांद्यावर टाकली, फक्कीची पिशवी घेतली आणि उगवतीच्या अंगाला गेलो. कुणाला सांगितलं नाही. पाणी भरलं, वर-खाली करून बुडबुडे काढले. एक काठी दगडांच्या आधारानं उभी केली, दुसरी घेऊन पुढं गेलो, खूण बघितली, परत मागं येऊन तिकडची बघितली. तेवढ्यात इकडचं पाणी हललेलं. परत गेलो, परत आलो. असं चार-पाच वेळा झालं. मी म्हणालो, नाही जमत तर नाही, पण खाली उतरणार नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"एकट्यानं नळी लागती व्हय?"

कौसावैनी पदर खोचून चढून आली होती. तिनं दगड बाजूला सारले आणि काठी उचलली. सरळ धरली, अंगापासून लांब, अंगठा नळीच्या तोंडाजवळ. अगदी बरोबर. मी म्हणालो, "तुमाला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "यांनीच. अंगणात. पाऊस नसला की रोज लावायचे मला धरायला." आणि खोटं कशाला लिहू, तिथंही मला ते लागलं. मी समजत होतो, नळीचं दुसरं टोक त्याच्याजवळ फक्त माझंच होतं.

मी पुढं गेलो, पंधरा-वीस पावलं, काठी टेकवली. पाणी वर आलं, खाली गेलं, खुणेपाशी आलं. मला तर वाटलं झालं. मी फक्कीत हात घातला आणि ओरडलो, "थांबलं का?"

ती काठीला डोळा लावून उभी होती, तो उभा राहायचा तशी. मग तिकडून आवाज आला, "अजून नाय, भावजी."

मी हात पिशवीतून बाहेर काढला, काठी सरळ धरली आणि थांबलो.